अब्रू, कोर्ट आणि बोलण्याचे कवच

मराठी माणसाला अब्रूचे महत्त्व वेगळे सांगायला नको. "पैसा गेला तर परत मिळवता येतो, गेलेली अब्रू परत येत नाही," हे ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. पण त्याच घरात आपण आणखी एक वाक्य ऐकले : "खरं बोलायला भ्यायचं कशाला?" ही दोन्ही वाक्ये आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि नेमकी एकमेकांच्या आड येणारी आहेत. खरे बोलायला गेले की कोणाची तरी अब्रू जाते. अब्रू जपायची म्हटले की बऱ्याच गोष्टी बोलायच्या राहून जातात. या दोघींमध्ये कुठे तरी रेघ मारण्याचे काम कायद्याला करावे लागते. ही रेघ अमेरिकेत कुठे मारली गेली, आपल्याकडे मुंबई-पुण्यात कुठे मारली गेली, आणि ती मारताना कोणाकोणाला काय सोसावे लागले, याचा थोडा इतिहास या लेखात सांगायचा आहे. मी वकील नव्हे. इतिहासाची आवड असलेला एक निवृत्त इंजिनिअर आहे. त्यामुळे वाचकांनी यात कायद्याचा सल्ला शोधू नये, गोष्टी मात्र अवश्य वाचाव्यात.

खरे असणे वेगळे, कवच असणे वेगळे

अब्रूनुकसानीचा दावा झाला की बचाव करणाऱ्यासमोर मुख्यतः दोन वाटा असतात. पहिली वाट सरळ आहे : "मी म्हणालो ते खरे आहे." आज आपल्याला हा बचाव अगदी स्वाभाविक वाटतो, पण एके काळी तोही नव्हता. १७३५ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन पीटर झेंगर या जर्मन मुद्रकावर गव्हर्नर विल्यम कॉस्बी यांच्याविरुद्ध मजकूर छापल्याबद्दल खटला चालला. त्या वेळचा कायदा असा, की राज्यकर्त्यावरील टीका खरी असली तरी गुन्हा तो गुन्हाच. फिलाडेल्फियाहून आलेले वयोवृद्ध वकील अँड्र्यू हॅमिल्टन यांनी ज्यूरीला सरळ आवाहन केले, की खरे छापणाऱ्याला तुम्ही शिक्षा कशी कराल? जवळपास नऊ महिने तुरुंगात काढलेला झेंगर निर्दोष सुटला. तो आत असताना त्याची पत्नी ॲना हिने वृत्तपत्र चालू ठेवले होते. हा खटला जिथे चालला तिथेच आज वॉल स्ट्रीटवरचा फेडरल हॉल उभा आहे. न्यूयॉर्कला पाहुणे आले की आपण त्यांना तिथे नेतो, जॉर्ज वॉशिंग्टनचा पुतळा दाखवतो. पुढच्या वेळी झेंगरचीही आठवण सांगावी.

दुसरी वाट जरा आडवळणाची आहे. तिला इंग्रजी कायद्यात 'प्रिव्हिलेज' म्हणतात, मराठीत 'विशेषाधिकार'. हल्ली कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलांच्या तोंडी हा शब्द निराळ्या अर्थाने असतो. जन्माने मिळालेले फायदे, असा त्यांचा अर्थ. कायद्यातला अर्थ असा : "मी म्हणालो ते खरे की खोटे हा प्रश्नच इथे विचारू नका. ज्या जागी, ज्या कामासाठी मी बोललो, तिथे मला बोलण्याची मोकळीक होती." म्हणजे हे एक कवच आहे. ते माणसाला नसते, प्रसंगाला असते.

या कवचाचे दोन प्रकार आहेत. पहिले पूर्ण कवच. न्यायाधीश, वकील आणि साक्षीदार कोर्टाच्या कामात जे बोलतात, लोकप्रतिनिधी सभागृहात जे बोलतात, त्यावर अब्रूनुकसानीचा दावा चालत नाही. मनात आकस असला तरी नाही. दुसरे सशर्त कवच. नोकरीच्या जागी जुन्या कर्मचाऱ्याविषयी विचारणा झाली असता दिलेले मत, संस्थेच्या कार्यकारिणीत हिशेबाविषयी घेतलेली शंका, ही याची उदाहरणे. इथे बोलणाऱ्याचा हेतू साफ हवा, आणि ज्यांना ऐकण्याचे कारण आहे त्यांच्यापुरतेच बोलणे हवे. या अटी मोडल्या की कवच गळून पडते.

आता कोणी विचारेल, खोटे बोलणाऱ्यालाही संरक्षण द्यायचे म्हणजे अन्यायच नव्हे का? याचे उत्तर एका मुंबईच्याच खटल्यात मिळते.

मुंबई, १८६२ : डॉ. भाऊ दाजींची साक्ष

२०२४ साली नेटफ्लिक्सवर आलेला 'महाराज' हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यामागचा खरा खटला 'महाराज लायबल केस' या नावाने प्रसिद्ध आहे. 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्राचे संपादक करसनदास मूळजी यांनी ऑक्टोबर १८६० मध्ये वल्लभ संप्रदायातील काही महाराजांच्या वर्तनावर कडक लेख लिहिला. त्यात जदुनाथजी महाराजांचे नाव होते. महाराजांनी करसनदास आणि मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणीना यांच्यावर पन्नास हजार रुपयांचा दावा लावला. जानेवारी १८६२ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सुनावणी सुरू झाली. मुंबई हायकोर्ट अजून स्थापन व्हायचे होते.

या खटल्यात करसनदासांच्या बाजूने साक्षीला उभे राहिले ते आपले डॉ. भाऊ दाजी लाड. ज्यांच्या नावाचे संग्रहालय भायखळ्याला आहे तेच. त्यांनी आणि डॉ. धीरजराम दलपतराम यांनी वैद्य या नात्याने महाराज मंडळींच्या आजारांविषयी साक्ष दिली. जरा विचार करा. हेच शब्द भाऊ दाजींनी एखाद्या मेजवानीत किंवा सभेत उच्चारले असते तर? संपन्न आणि संघटित अनुयायी पाठीशी असलेल्या धर्मगुरूंनी त्यांच्यावर दुसरा दावा लावला असता. पण ते शब्द साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उच्चारले गेले. तिथे साक्षीदाराला पूर्ण कवच असते. (खोटी साक्ष दिली तर तो वेगळा गुन्हा, त्याची शिक्षा वेगळी.) हे कवच नसते तर एकेका साक्षीतून एकेक नवा दावा निघाला असता, आणि बलवान माणसाविरुद्ध साक्ष द्यायला कोणी पुढे आलेच नसते. कवच भाऊ दाजींच्या सोयीसाठी नव्हते. कोर्टाला खरे कळावे यासाठी होते.

एप्रिल १८६२ मध्ये निकाल लागला. 'लेखातले आरोप खरे आहेत' हा करसनदासांचा मुख्य बचाव मान्य झाला, आणि कोर्टखर्चाची मोठी रक्कम त्यांना मिळाली. पण एका मुद्द्यावर दोन न्यायाधीशांचे जमले नाही. वृत्तपत्रात सर्व लोकांसमोर असा मजकूर छापणाऱ्या संपादकाला खास कवच आहे का? मुख्य न्यायाधीश सर मॅथ्यू सॉस यांना ते मान्य नव्हते. सर जोसेफ अर्नोल्ड यांचे मत वेगळे होते. संपादक हा लोकांचा शिक्षक असतो आणि अनिष्ट प्रथा उघड करणे हे त्याचे कामच आहे, अशी त्यांची भूमिका होती. मतभेद तसाच राहिला. पुढची शंभर वर्षे तोच प्रश्न निरनिराळ्या देशांतल्या कोर्टांपुढे येत राहिला.

कवच कुठे संपते?

लोकप्रतिनिधींचे कवच जुने आहे. इंग्लंडच्या १६८९ च्या हक्कांच्या सनदेत ते आहे, आणि तिथून ते अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात आले. काँग्रेसच्या सभागृहात केलेल्या भाषणाबद्दल सभासदाला अन्यत्र कुठेही जाब विचारता येत नाही. पण 'सभागृहात' म्हणजे नेमके कुठपर्यंत?

मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १८०८ साली याचा एक मासलेवाईक निवाडा केला. वादी कॉफिन, प्रतिवादीही कॉफिन. दोघेही नॅन्टकेट बेटाचे. तिथल्या बँकेवर १७९५ साली दरोडा पडला होता. विल्यम कॉफिन यांच्यावर आळ आला आणि ते निर्दोष सुटले. पुढे राज्याच्या विधिमंडळात नॅन्टकेटसाठी आणखी एक नोटरी नेमण्याचा ठराव आला. तो मंजूर झाल्यावर बेटाचे प्रतिनिधी मायकाजा कॉफिन यांना एका सहकाऱ्याने, ही माहिती आपल्याला विल्यम कॉफिन यांच्याकडून मिळाली, असे सभागृहातल्याच वाटेत उभे राहून सांगितले. मायकाजा फटकन बोलून गेले की तो दरोडेखोर काय! सहकारी म्हणाला, ते तर सुटले ना? त्यावर उत्तर आले की सुटला म्हणून काही त्याचा दोष कमी होत नाही.

दावा झाला. मायकाजांनी विशेषाधिकाराचा आधार घेतला. मुख्य न्यायाधीश थिओफिलस पार्सन्स यांनी कवचाची व्याख्या अगदी उदारपणे केली. प्रतिनिधी आपले काम करीत असेल तर समितीच्या खोलीतही, सभागृहाच्या बाहेरसुद्धा त्याला संरक्षण आहे, असे ते म्हणाले. पण इथे ठराव मंजूर होऊन गेला होता. काम संपले होते. उरली होती ती नुसती कुचाळकी. मायकाजा हरले. छप्पर सभागृहाचे होते, तरी त्या बोलण्यामागे सभागृहाचे काम नव्हते.

याची दुसरी बाजू १९७९ साली दिसली. विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी १९७५ पासून दर महिन्याला 'गोल्डन फ्लीस' नावाचे एक उपरोधिक पारितोषिक द्यायला सुरुवात केली. सरकारी पैशाची सर्वांत मोठी उधळपट्टी करणाऱ्या खात्याला ते मिळे. 'फ्लीस' म्हणजे मेंढीची लोकर, आणि 'फ्लीस करणे' म्हणजे लुबाडणे, असा त्यात श्लेष होता. सुरुवातीच्याच एका पारितोषिकाचा फटका डॉ. रोनाल्ड हचिन्सन यांना बसला. मिशिगनमध्ये ते प्राण्यांच्या आक्रमकतेवर संशोधन करीत होते. चिडल्यावर माकड जबडा कसा आवळते, याची ते मोजदाद करीत. नासा आणि नौदलाला त्यात रस होता, कारण अंतराळयानात आणि समुद्राखाली माणसे फार काळ कोंडलेली असतात. सात वर्षांत सुमारे पाच लाख डॉलर या कामी खर्च झाले होते. प्रॉक्समायर यांनी या संशोधनाची यथेच्छ टर उडवली.

आपल्यातले कितीतरी जण सरकारी अनुदानावर संशोधन करतात किंवा करीत होते. त्यामुळे हचिन्सन यांची अवस्था आपल्याला कळू शकते. ज्या कामात आयुष्याची उमेदीची वर्षे घातली, ते देशभर हसण्याचा विषय झाले. त्यांनी दावा लावला. खालच्या दोन्ही कोर्टांत ते हरले. सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने निकाल फिरवला. सिनेटमधल्या भाषणाला पूर्ण कवच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तोच मजकूर सिनेटरनी सुमारे एक लाख लोकांना वार्तापत्रातून पाठवला होता, पत्रकारांना वाटला होता. कायदे करण्याच्या कामाला त्या वार्तापत्राची गरज नव्हती, म्हणून त्याला कवच नाही. पुढच्या वर्षी तडजोड झाली. प्रॉक्समायर यांनी दहा हजार डॉलर दिले आणि सिनेटमध्येच खुलासा करून दिलगिरी व्यक्त केली.

भारतात हाच प्रश्न निराळ्या रूपाने आला. घटनेच्या १०५ व्या कलमाने खासदाराला संसदेत बोलायची मोकळीक दिली. पण त्याचे भाषण जसेच्या तसे छापणाऱ्या वृत्तपत्राचे काय? फिरोज गांधी यांनी खाजगी विधेयक आणून १९५६ साली कायदा करून घेतला, की संसदेच्या कामकाजाचा प्रामाणिक वृत्तान्त देणाऱ्यावर दावा चालणार नाही. आणीबाणीत, १९७६ साली, त्यांच्याच पत्नीच्या सरकारने तो कायदा रद्द केला. १९७७ मध्ये जनता सरकारने तो परत आणला, आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ते संरक्षण थेट घटनेतच घातले. हे कवच नसले तर संसदेतले बोलणे संसदेच्या भिंतींतच राहते, हे त्या एका वर्षाने देशाला शिकवले.

कोल्हापूर आणि डोंगरी : १०१ दिवस

आता खऱ्या अवघड प्रश्नाकडे येऊ. खासदार, साक्षीदार यांचे ठीक आहे. साध्या नागरिकाने, संपादकाने, सत्तेवरच्या माणसाविषयी चांगल्या हेतूने लिहिले आणि ते चुकीचे निघाले तर?

'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे जानेवारी १८८१ मध्ये सुरू झाली. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज हे दत्तक राजे होते. त्यांना वेडे ठरवून त्यांचा छळ होत आहे, अशी महाराष्ट्रभर कुजबुज होती. रोख होता संस्थानचे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांच्यावर. बर्व्यांनी लिहिली म्हणून सांगितली जाणारी काही पत्रे संपादकांच्या हाती आली आणि त्या आधारावर मजकूर छापला गेला. बर्व्यांनी फिर्याद केली. चौकशीत ती पत्रे बनावट निघाली. 'केसरी'चे संपादक गोपाळ गणेश आगरकर आणि 'मराठा'चे संपादक बाळ गंगाधर टिळक यांनी माफी मागितली. पण फिर्याद मागे घेतली गेली नाही. जामिनाची वेळ आली तेव्हा जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून सत्यशोधक रामशेठ उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन दिला, ही गोष्ट मतभेदांच्या पलीकडच्या त्या काळाची म्हणून लक्षात ठेवण्यासारखी आहे.

जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. दोघेही त्याच महिन्यात छब्बीस वर्षांचे झाले होते. १०१ दिवस मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढून २६ ऑक्टोबरला ते सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर लिहिलेले पुस्तक प्रसिद्धच आहे.

भारतीय दंड संहिता लागू झाली ती जानेवारी १८६२ मध्ये, म्हणजे महाराजांच्या खटल्याची सुनावणी सुरू झाली त्याच महिन्यात. तिच्या ४९९ व्या कलमात अब्रूनुकसानीच्या व्याख्येला दहा अपवाद दिले आहेत. मोकळीक नाही असे नाही. पण त्यांतल्या बहुतेकांना 'सद्भाव' ही अट आहे, आणि त्याच संहितेत सद्भावाचा अर्थ सांगितला आहे : योग्य ती काळजी घेऊन केलेले कृत्य. बनावट पत्रांवर विश्वास ठेवून छापणे या कसोटीला उतरत नाही. म्हणजे हेतू कितीही चांगला असला तरी चुकीची किंमत लिहिणाऱ्याने मोजायची, असा तो कायदा होता. (आजही भारतात अब्रूनुकसानी हा फौजदारी गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात आला आहे.)

आणि ती कुजबुज? पत्रे खोटी होती, पण लोकांची काळजी अनाठायी नव्हती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, तेव्हाच्या अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन त्या तरुण राजाचा मृत्यू झाला.

पुढे टिळकांनी कोर्टाची दुसरी बाजूही पाहिली. व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकातील आरोपांविरुद्ध त्यांनी लंडनमध्ये दावा लावला. १९१९ च्या सुरुवातीला न्या. डार्लिंग आणि ज्यूरीसमोर तो चालला. चिरोल यांचे वकील सर एडवर्ड कार्सन यांनी टिळकांची कठोर उलटतपासणी घेतली. ते शब्द पुस्तकातल्यापेक्षा कितीही बोचरे असते तरी टिळकांना त्यांवर दाद मागता आली नसती. वकिलाला कोर्टात पूर्ण कवच असते. टिळक तो दावा हरले, आणि खर्चाचा मोठा बोजा अंगावर आला.

माँटगोमेरी : नागरिकाला मिळालेले कवच

डोंगरीच्या १०१ दिवसांनंतर जवळपास ऐंशी वर्षांनी अमेरिकेच्या दक्षिणेत जवळजवळ तसाच प्रसंग उभा राहिला. २९ मार्च १९६० च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बचावनिधीसाठी पानभर जाहिरात आली. अलाबामातील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर होणाऱ्या दडपशाहीचे तिच्यात वर्णन होते. त्या वर्णनात चुका होत्या. विद्यार्थ्यांनी म्हटलेले गाणे दुसरेच होते. किंग यांना सात वेळा अटक झाल्याचे म्हटले होते, ती चार वेळा झाली होती. विद्यार्थ्यांना उपाशी ठेवण्यासाठी भोजनगृहाला कुलूप लावल्याची हकिकत खरी नव्हती. शहराच्या पोलीस खात्याचे प्रमुख आयुक्त एल. बी. सलिव्हन यांचे तिच्यात नावही नव्हते. तरी त्यांनी दावा लावला आणि स्थानिक ज्यूरीने त्यांना पाच लाख डॉलर देऊ केले. त्या अंकाच्या माँटगोमेरी परिसरात आलेल्या प्रती होत्या सुमारे ३५! वृत्तपत्राबरोबर चार कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांवरही दावा होता. त्यांच्या मोटारी आणि जमिनी जप्त झाल्या. हेतू उघड होता : दक्षिणेतल्या बातम्या देणेच महाग करून टाकायचे.

९ मार्च १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निकाल रद्द केला. न्या. विल्यम ब्रेनन यांनी मांडलेला नियम असा : सरकारी अधिकाऱ्याच्या कामावर टीका करणाऱ्याला, ती टीका चुकीची निघाली तरी, शिक्षा नाही. खोटे आहे हे ठाऊक असून किंवा खऱ्याखोट्याची पर्वाच न करता लिहिले, हे अधिकाऱ्याने सिद्ध केले तरच भरपाई. या निकालातला एक युक्तिवाद आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. ब्रेनन म्हणाले, की अधिकारी आपल्या कामात एखाद्या नागरिकाविषयी बोलला तर कायदा त्याला कवच देतो. मग अधिकाऱ्याविषयी बोलणाऱ्या नागरिकालाही तसेच कवच हवे. कारण राज्यकारभारावर टीका करणे हे नागरिकाचे काम आहे, जसे कारभार करणे हे अधिकाऱ्याचे.

कोल्हापूरचे कारभारी आणि माँटगोमेरीचे आयुक्त, दोघेही सत्तेच्या जागी बसलेले होते. दोन्हीकडे टीकाकारांचा हेतू साफ होता आणि दोन्हीकडे मजकुरात चुका होत्या. एकीकडे चुकीची किंमत टीकाकाराने तुरुंगात मोजली. दुसरीकडे कायदा म्हणाला, की प्रामाणिक चुकीला जागा ठेवली नाही तर खरे बोलणारेही गप्प बसतील. माझ्या मते विशेषाधिकाराचा सगळा इतिहास या एका प्रश्नाचा इतिहास आहे : प्रामाणिक चुकीची किंमत कोणी मोजायची?

आपल्या घरातले उदाहरण : 'इंडिया अब्रॉड'

किंमत कोणीतरी मोजतोच, हे विसरू नये. पूर्वी आपल्या बहुतेक घरांत 'इंडिया अब्रॉड' हे साप्ताहिक येत असे. गोपाळ राजू यांनी न्यूयॉर्कमध्ये ते सुरू केले. २०२० मध्ये त्याची छापील आवृत्ती बंद झाली. जानेवारी १९९० मध्ये त्यांच्या वृत्तसेवेने एक बातमी दिली : बोफोर्स प्रकरणात अजिताभ बच्चन यांचे स्विस खाते गोठवल्याचे 'डागेन्स न्यूहेटर' या स्वीडिश दैनिकाने म्हटले आहे. बच्चन यांनी लंडनमध्ये दावा लावला. स्वीडिश दैनिकाने तडजोड करून माफी मागितली. 'इंडिया अब्रॉड'विरुद्ध लंडनच्या ज्यूरीने ४० हजार पौंडांची भरपाई ठरवली.

ती वसूल करायला बच्चन न्यूयॉर्कच्या कोर्टात आले, तेव्हा १९९२ साली न्या. शर्ली फिंगरहूड यांनी नकार दिला. इंग्लंडमध्ये मजकूर खरा असल्याचे छापणाऱ्याला सिद्ध करावे लागते. अमेरिकेत, निदान अशा सार्वजनिक महत्त्वाच्या विषयात, तो खोटा असल्याचे वादीने सिद्ध करायचे असते. तेव्हा परदेशी निकालाची अंमलबजावणी इथल्या घटनेच्या पहिल्या दुरुस्तीच्या विरुद्ध जाईल, असा निर्णय झाला. पुढे २०१० साली हे तत्त्व सबंध अमेरिकेसाठी कायद्यातच आले. आपल्या स्थलांतरितांच्या एका छोट्या साप्ताहिकाच्या नावाचा खटला आज त्या विषयाच्या चर्चेत हटकून येतो.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बोफोर्सचा स्वीडनमधला तपास करणारे माजी पोलीस प्रमुख स्टेन लिंडस्ट्रॉम यांनी २०१२ साली जाहीरपणे सांगितले, की बच्चन यांचे नाव या प्रकरणात मुद्दाम घुसवले गेले होते. म्हणजे बातमी खोटी होती, नाव विनाकारण बदनाम झाले होते, आणि न्यूयॉर्कपुरती त्याची भरपाई मिळाली नाही. मोकळ्या बोलण्याची किंमत इथे निरपराध माणसाने मोजली. अमेरिकेने ही निवड समजून उमजून केली आहे. तिचा अभिमान बाळगावा, पण ती फुकट मिळाली आहे असे समजू नये.

आपल्यापुरते

हे सारे मोठ्या माणसांचे झाले. आपण बहुतेक जण कायद्याच्या दृष्टीने 'खाजगी व्यक्ती' आहोत. खाजगी व्यक्तीच्या अब्रूला अमेरिकेतही बरेच अधिक संरक्षण आहे, आणि त्याचे तपशील राज्याराज्यांत निराळे आहेत. आपल्या रोजच्या व्यवहारात प्रसंग येतात ते सशर्त कवचाचे.

समजा, एखाद्या मंडळाच्या हिशेबात गोंधळ दिसतो आहे. कार्यकारिणीच्या सभेत, कागद समोर ठेवून, "या रकमेचा खुलासा हवा," असे म्हणणाऱ्याच्या अंगावर सामान्यतः कवच असते. तो आपले कामच करीत असतो. तोच माणूस रात्री सगळ्या गावाला "खजिनदाराने पैसे खाल्ले" अशी ईमेल पाठवतो तेव्हा तो प्रॉक्समायर यांच्या वार्तापत्राच्या वाटेने जातो. सभा संपल्यावर जेवणाच्या रांगेत तेच कुजबुजतो तेव्हा नॅन्टकेटचे मायकाजा होतो. आणि कोणीतरी पुढे पाठवलेला कागद न तपासता खरा मानतो, तेव्हा त्याने डोंगरीची आठवण ठेवावी.

मुलांना या गोष्टी आवर्जून सांगाव्यात असे मला वाटते. पहिली दुरुस्ती त्यांना शाळेत शिकवतात, पण भाऊ दाजींची साक्ष आणि आगरकर-टिळकांचे १०१ दिवस त्यांना आपल्याशिवाय कोण सांगणार? "खरं बोलायला भ्यायचं कशाला?" हे त्यांना जरूर शिकवू या. त्याबरोबर इतकेच शिकवू या, की ज्याला सांगायला हवे त्यालाच सांग, जिथे सांगायला हवे तिथेच सांग, आणि सांगण्याआधी एकदा तपासून बघ. कायद्याने दोनअडीचशे वर्षे कीस काढून जे ठरवले, ते आपल्या आजीने चार शब्दांत सांगितले असते : तोंड सांभाळून, पण बोल.